फेरसची बाटली पिवळी का पडते

फेब्रुवारी लागला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या लिफ्टमधले आवाज बदलतात. एरवी लिफ्टमध्ये लोक एकमेकांच्या पिशवीत डोकावतात आणि आत मेथी दिसत असताना "काय, भाजी का?" असं विचारतात. फेब्रुवारीत मात्र कोपऱ्यात एखादं बारावीचं पोर डोळे मिटून पुटपुटत उभं असतं, आणि त्याच्या आईच्या पिशवीत मेथी असली तरी कुणी काही विचारत नाही. परवा चौथ्या मजल्यावरची ऋचा अशीच उभी होती. "वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स..." तिची आई म्हणाली, "अगं, काकांना विचार की. काका बी.एस्सी. केमिस्ट्री आहेत." मी तळमजल्याचं बटण उगाचच पुन्हा एकदा दाबलं. म्हटलं, "आता कुठलं! तीस वर्षं झाली. सिलॅबस बदलला सगळा."

हे साफ खोटं होतं. सिलॅबस बदलत असेल, पण लोखंडाच्या अणूतले इलेक्ट्रॉन बदललेले नाहीत. सव्वीस होते, सव्वीसच आहेत. मी घाबरलो त्याचं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी, अशाच फेब्रुवारीत, मी माझ्या धाकट्या बहिणीला, विजूला, केमिस्ट्री शिकवायला घेतलेलं. तेव्हापासून या विषयात कुणी मला काका म्हणून हाक मारली की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात.

त्या दिवसांची आठवण निघाली की आधी वास येतात. विजू कळव्याला राहते. शनिवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भरती-ओहोटीच्या हिशोबाने खाडीचा वास कमीजास्त यायचा. टेबलावर कापलेलं कलिंगड असायचं. आणि या सगळ्यावर विजूच्या ओढणीचा एक वास, सडलेल्या अंड्यासारखा. तिच्या लॅबमध्ये एका गॅसला तसा वास येतो, आणि दोनदा धुतली तरी ओढणीतून तो जात नाही. विजूचे यजमान सतीशराव म्हणायचे, "लग्नात मला अत्तर लावून फसवलं हो."

विजू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोपासून चालत दहा मिनिटांवर एक ज्युनियर कॉलेज आहे. तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर म्हणून तिला तेव्हा बावीस वर्षं झालेली. परिचर म्हणजे परीक्षानळ्या धुणारी, बर्नर पुसणारी, फुटलेल्या काचा गोळा करणारी. पोरं तिला मावशी म्हणायची. द्रावणं तयार करायचं काम कागदोपत्री प्रयोगशाळा सहायकाचं. प्रत्यक्षात ते सहायक खुर्चीवरून "विजूताई, फेरस संपलं हो," एवढंच म्हणायचे, आणि फेरस विजू बनवायची.

ते सहायक मेमध्ये निवृत्त होणार होते. प्रिन्सिपलबाईंनी विजूला बोलावून सांगितलं, "जागा तुमचीच आहे. ज्येष्ठता तुमची, काम तुमचं. पण अट आहे, बारावीचं केमिस्ट्री पास पाहिजे. जूनपर्यंत कागद आणलात तर ठीक, नाहीतर मला जाहिरात द्यावी लागेल." विजूची बारावी आर्ट्सची. तिने मुक्त विद्यालयातून एका विषयाचा फॉर्म भरला. परीक्षा एप्रिलमध्ये. संधी एकच. ती हुकली तर पुढची आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बाहेरून आलेल्या कुणा पंचविशीतल्या सहायकाच्या हाताखाली नळ्या धुवायच्या. विजूने हे सगळं मला फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दादा, तू शिकवशील?"

मी इतका खूश झालो की दुसऱ्याच दिवशी चार रंगांची हायलायटर पेनं आणली. बी.एस्सी. झाल्यावर मी बँकेत लागलो. तीस वर्षांत माझ्या केमिस्ट्रीचा उपयोग एकदाच झाला, शाखेतल्या नळाला आलेला क्षार घालवायला व्हिनेगर आणा असं मी सुचवलं तेव्हा. तेसुद्धा शिपायाने आधीच आणलेलं होतं. त्यामुळे शिकवायला मिळतंय म्हटल्यावर माझ्या अंगात मास्तर संचारला. बायको म्हणाली, "विजूला शिकवायला चाललायस की तिच्यापुढे व्याख्यान द्यायला?" मी म्हटलं, दोन्हीत काय फरक आहे?

पहिल्या शनिवारी मी अणू काढला. मध्ये सूर्यासारखा गोळा, भोवती गोल गोल रस्ते, रस्त्यांवर ठिपके.

विजू म्हणाली, "पुस्तकात तर लिहिलंय की असं नसतं."

"नसतं, पण समजायला बरं पडतं."

"जे नसतंच, ते समजून काय करू?"

मग मला खरं सांगावं लागलं. इलेक्ट्रॉन रस्त्यावरून फिरत नाही. तो अमुक ठिकाणी आहे असं बोट दाखवून सांगता येत नाही. कुठे सापडण्याची शक्यता जास्त, कुठे कमी, एवढंच सांगता येतं. त्या शक्यतेच्या जागेला ऑर्बिटल म्हणायचं. मला वाटलं, आता ही गोंधळणार. कॉलेजात मी इथेच गोंधळलेलो आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

"हां," विजू कलिंगडाची बी काढत म्हणाली, "म्हणजे आमच्या सरांसारखं. सही हवी असली की बारा वाजता स्टाफरूममध्ये असायची शक्यता जास्त, लायब्ररीत कमी, आणि वर्गात फारच कमी."

सतीशराव चहा गाळता गाळता एवढे हसले की अर्धा चहा ओट्यावर गेला.

मी माझ्या पद्धतीने पुढे रेटलं. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या असतात. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक पातळीत प्रकार असतात. एस या प्रकारात एकच खोली, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच. एका खोलीत फार तर दोघं. ज्या खोलीला ऊर्जा कमी लागते, ती आधी भरायची. इथवर सरळ आहे. वाकडं पुढे आहे. तिसऱ्या पातळीतल्या डीला चौथ्या पातळीतल्या एसपेक्षा जरा जास्त ऊर्जा लागते. म्हणून तिसरी पातळी अर्धवट सोडून आधी चौथीतला एस, म्हणजे फोर एस, भरतो, आणि मग मागे येऊन तिसरीतला डी, म्हणजे थ्री डी. जगातली बहुतेक मुलं इथे केमिस्ट्री सोडतात. उरलेली पाठ करतात. मी पाठ करणाऱ्यांतला.

विजू दोन्ही करत नव्हती. ती वहीवर पेन टेकवून गप्प बसायची, आणि मग लॅबमधलं काहीतरी काढायची. एका प्रकारच्या खोल्यांमध्ये इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, सगळ्या खोल्यांत एकेक झाला की मगच जोड्या लागतात, हा नियम मी तिला सांगितला. ती म्हणाली, "हे तर मी रोज बघते. आमच्याकडे ओळीने पाच बेसिनं आहेत. प्रॅक्टिकल संपलं की पोरं नळ्या धुवायला येतात. पहिली पाच जण पाच बेसिनांवर. एक जण दुसऱ्याच्या बेसिनवर जाईल तर शपथ. पाचांवर पाच असले ना दादा, की लॅबमध्ये काय शांतता असते! सहावा आला की कोपर लागतं, पाणी उडतं, भांडण सुरू."

"बरोबर. अर्धा भरलेला डी स्थिर असतो," मी म्हणालो आणि हिरव्या हायलायटरने ते वाक्य रंगवलं. तिच्या बेसिनांची गोष्ट मी रंगवली नाही. ती पुस्तकात नव्हती.

आता मागे बघताना एक गोष्ट लिहायला हवी. ती लिहायची मला हौस नाही, पण टाळली तर पुढचं कळणार नाही. आम्ही लहानपणी कल्याणला होतो. दहावीला विज्ञानात विजूचे मार्क माझ्याहून जास्त. थोडे नव्हेत, चांगले जास्त. मी आधीच सायन्सला गेलेलो. मी मुलगा, त्यामुळे माझं काही ठरवावं लागलंच नाही, ते ठरलेलंच होतं. विजूची वेळ आली तेव्हा घरात बोलणं झालं की सायन्सची प्रॅक्टिकल संध्याकाळी सहापर्यंत चालतात, मुलीला यायला उशीर होतो. आर्ट्सचं कॉलेज सकाळचं, बारा वाजता पोरगी घरी. मी त्या बोलण्याच्या वेळी तिथेच होतो. जमिनीवर पालथा पडून जर्नलमध्ये आकृत्या काढत होतो. मला एक शब्द बोलता आला असता. मी बोललो नाही, कारण मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही. मला वाटलं, बरं झालं, आता माझं जर्नल कुणी तपासणार नाही. विजू ते तपासायची आणि चुका काढायची.

आणि मग तीच विजू बावीस वर्षं प्रॅक्टिकल संपेपर्यंत, रोज सहा-साडेसहापर्यंत, लॅबमध्ये थांबली. फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला.

हे मी तेव्हा, कळव्याच्या त्या टेबलाशी बसून मनात आणत नव्हतो. तेव्हा मी शिकवत होतो.

होळीच्या आदल्या शनिवारी आयन काढले. अणूने इलेक्ट्रॉन गमावला की त्याचा आयन होतो. लोखंडाचे दोन गेले की फेरस, तीन गेले की फेरिक.

"फेरस हिरवट, फेरिक पिवळं. हे तुला माहीत असेल," मी म्हणालो.

"हे मला झोपेतून उठवलंस तरी माहीत आहे."

"छान. मग सांग, कुठले दोन जातील? शेवटी कोण भरले?"

"थ्री डी. सहा आहेत तिथे. त्याच्याआधी फोर एसमध्ये दोन."

"म्हणजे थ्री डीतले दोन जाणार. शेवटी आला तो पहिला जातो. माझ्या टेबलावर फायलींचा गठ्ठा असतो बघ, शेवटी ठेवलेली फाईल वर असते, तीच आधी उचलली जाते." हे उदाहरण मला फार आवडलं. बँकेत काढलेली तीस वर्षं केमिस्ट्रीच्या कामी आली असं वाटलं.

विजूने पाच चौकोन काढले. डीत चार ठेवले, चौथ्या एसमध्ये दोन. हे झालं फेरस. मग आणखी एक चित्र काढलं. डीत तीन, एसमध्ये दोन. फेरिक. मग ती त्या दोन चित्रांकडे बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ की मी कलिंगडाच्या दोन फोडी संपवल्या.

"दादा, मग फेरसची बाटली पिवळी का पडते?"

"कसली बाटली?"

"अरे, हिराकस असतो ना, हिरवे खडे. ते पाण्यात विरघळवले की फेरसचं द्रावण. मी त्यात थोडं ॲसिड घालते, स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा टाकून ठेवते, बूच घट्ट लावते. तरी पंधरा दिवसांनी बघावं तर पिवळं. म्हणजे फेरिक. आणि पिवळं झालेलं आपणहून परत हिरवं कधी होत नाही. म्हणजे त्या तिसऱ्याला बाहेर पडायची घाईच असते. तुझ्या चित्रात त्याला कसली घाई? चार होते, तीन राहिले. त्यात त्याचं काय भलं झालं? त्यापेक्षा जर फोर एसवाले दोघं आधी गेले असते, तर डीत सहा उरले असते. पाच बेसिनं आणि सहा..."

"विजू," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला आजही ऐकू येतो, कर्ज नाकारताना मी काढतो तसला, "पेपर पुस्तकावर असतो, बाटलीवर नाही. परीक्षेत बाटली मध्ये आणलीस तर गोंधळशील. मी सांगतो ते लिही."

ती म्हणाली, "बरं."

सतीशराव उठून चपला घालायला लागले. मला जिन्यात म्हणाले, "भाऊ, तुम्हाला ठाऊक नाही. ही भांडते तेव्हा काळजी नसते. ही 'बरं' म्हणाली की मी घराबाहेर पडतो."

पुढच्या बुधवारी त्यांचा फोन आला. विजूने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलेली. परीक्षेला तीन आठवडे होते. "काय म्हणते?" मी विचारलं. सतीशराव म्हणाले, "म्हणते, दादा बी.एस्सी. आहे, तो चुकणार नाही. मग माझंच डोकं धुण्याभांड्याचं असणार. प्रिन्सिपलबाईंना सांगते म्हणाली, जाहिरात द्या."

आई माझ्याकडेच असते. आईचं वय ऐंशीला टेकलंय, पण फोनवरचं बोलणं तिला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. ती लसूण सोलत होती. न बघता म्हणाली, "तेव्हा उशीर होतो असं मीच म्हटलं होतं. तुझ्या बाबांना तसं काही वाटत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "तिला पास कर रे." जणू काही पास करणं माझ्या हातात होतं.   उशीर होतो असं ती म्हणाली तेव्हा मी जमिनीवर पालथा पडलेलो होतो.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. पश्चात्तापाने नव्हे; तसं लिहिलं तर मी फार चांगला दिसेन. मी ते उघडलं कारण मला पुरावा हवा होता. विजूला पान दाखवून म्हणायचं होतं, हे बघ, छापलंय इथे, आता बस अभ्यासाला. फेरसचं पान सापडलं. दोन ओळी होत्या. आयन होताना इलेक्ट्रॉन सर्वांत बाहेरच्या पातळीतून आधी जातात. म्हणून फोर एस आधी रिकामा होतो, थ्री डी नंतर. फेरसमध्ये डीत सहा. फेरिकमध्ये डीत पाच.

मी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. बी.एस्सी.ला अगदी हाच प्रश्न आलेला, आणि मी अगदी हेच चुकीचं लिहिलेलं. तिथे मार्क गेले ते परीक्षकाच्या कंजूसपणामुळे, असं मी तीस वर्षं समजत होतो. दोन-तीन लग्नांत सांगितलंही होतं.

माझी बँकेची शाखा ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळ. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता निघालो आणि भर उन्हात चालत विजूचं कॉलेज गाठलं. रिक्षा केली असती तर लवकर पोचलो असतो, म्हणून केली नाही. बावीस वर्षांत मी तिच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच जात होतो. आत बर्नरचा, ॲसिडचा आणि ओढणीतला तो ओळखीचा वास. मांडणीवर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीवर विजूच्या अक्षरातलं लेबल. मोरचुदाची निळी बाटली दारातूनच नजरेत भरायची. ओळीने पाच बेसिनं. विजू शेवटच्या बेसिनपाशी ब्रशने नळ्या घासत होती.

"आईला काही झालं का?" तिने मला बघून पहिलं हेच विचारलं.

"आई बरी आहे. मी चुकलो."

"कशात?"

"फोर एस आधी जातो. थ्री डी नंतर. फायलींचं उदाहरण चूक होतं."

तिने हातातली नळी पुरी घासली, पाण्याखाली धरली, स्टँडला उलटी लावली. मग दुसरी घेतली. मला वाटलं आता ती पुन्हा "बरं" म्हणणार.

"पण का?" ती म्हणाली. "भरताना फोर एस आधी आणि जातानाही तोच आधी? आधी आलेला आधी का जाईल?"

पुस्तकात लिहिलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं, बाहेरची पातळी वगैरे. तिने मान हलवली. होकार नव्हे, ऐकलं एवढीच. मग नळ बंद केला.

"सत्यनारायण," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, घरी सत्यनारायण असला की आधी येणारी माणसं कुठे बसतात? दाराजवळ. तिथे सोयीचं असतं, पंखा असतो, अवघडल्यासारखं होत नाही. मागून येणाऱ्यांना आपण आत ढकलतो, पलंगाजवळ, कपाटाला टेकून. आणि तीर्थप्रसाद झाला की आधी कोण उठतं? दाराजवळचे! आतल्यांना बाहेर यायला अर्धा तास. कोण कधी आलं ह्याला काही अर्थच नाही, कोण दाराशी बसलंय हे बघायचं."

 आमच्या घरच्या प्रत्येक सत्यनारायणाला मी दाराजवळ बसलेलो आहे आणि प्रसादाचा द्रोण हातात पडताच सटकलेलो आहे. मला हे सुचायला हवं होतं.

विजूने ओले हात ओढणीला पुसले, मांडणीवरून एक बाटली काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. लेबलवर फेरस सल्फेट. द्रावण गवती चहासारखं पिवळसर, तळाशी तपकिरी गाळ, गाळात खिळा.

"सहा होते," ती बाटलीला म्हणाली. "सहावा गेला. आता पाच." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "दादा, बावीस वर्षं मी ही बाटली दर पंधरा दिवसांनी मोरीत ओतते. आमचे सहायक म्हणायचे, विजूताई, तुमचं बूच नीट बसत नाही. मला वाटायचं, असेल, माझाच हात ढिला असेल. मी घरून पातळ रबर आणून बुचाला गुंडाळायचे. हवा लागते म्हणून होतं, हे ठाऊक होतं. पण मुळात त्यालाच जायचंय, हे कुणी सांगितलंच नाही."

लॅबमध्ये कुणी नव्हतं. बाहेर खोपटहून सुटणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेव्हा उशीर होतो असं घरात ठरलं त्याबद्दल, माझ्या गप्प राहण्याबद्दल, जर्नलबद्दल. जिभेवर होतं. पण विजूने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "तुझी सुट्टी संपली असेल. आणि डबा खाल्लेला दिसत नाहीस. जा. शनिवारी ये, आयनांवरचे राहिलेले सगळे करायचेत. सतीशला सांगते माळ्यावरून पुस्तकं काढायला." मी जिना उतरताना ती वरून ओरडली, "आणि हायलायटर आणू नकोस रे, त्याने मागच्या पानावर डाग पडतात."

राहिलेल्या तीन आठवड्यांत मी फारसं शिकवलं नाही. ती विचारायची, मी पुस्तकात शोधायचो, आणि पुस्तकातलं वाक्य तिच्या पसंतीला उतरलं तर आम्ही पुढे जायचो. क्रोमियम चौथ्या एसमधला एक इलेक्ट्रॉन डीत का ढकलतं, हे तिने माझ्याआधी ओळखलं. पाच बेसिनं भरायला एकच पोर कमी पडत असेल तर शेजारच्या वर्गातून एक बोलावून घेतात, म्हणाली. तांब्याचंही तसंच, तिथे दहांसाठी एक कमी पडतो. ऊन चढत गेलं. खाडीकडून येणारा वारा गरम झाला. कलिंगड संपून हापूसच्या गोष्टी सुरू झाल्या, नुसत्या गोष्टी. सतीशरावांनी इलेक्ट्रॉन संरूपण हा शब्द पाठ केला आणि ते दूधवाल्यालाही ऐकवायला लागले. एकदा मला म्हणाले, "भाऊ, मला वाटतं मी घरात फोर एस आहे. आधी उठतो, आधी बाहेर." विजू म्हणाली, "तुम्ही न्यूट्रॉन आहात. बसा."

परीक्षेच्या दिवशी ती माझ्यासारखी नखं खात बसली नाही. परीक्षेच्या केंद्रावर सगळी अठरा-वीसची मुलं. तिथल्या शिपायाने तिला कुणाची तरी आई समजून पालकांच्या बाकावर बसवलं, आणि घंटा झाल्यावर ती उठून आत गेली तेव्हा मागून हाका मारल्या. लेखी पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "गेला." तोंडीला काय विचारलं, तर म्हणाली, "जे यायला हवं ते." या दोन उत्तरांवर आम्ही निकालापर्यंत दिवस काढले. आई रोज विचारायची आणि मी रोज तेच सांगायचो.

ती पास झाली. किती मार्क मिळाले ते लिहायची मला परवानगी नाही. माझ्या बी.एस्सी.च्या केमिस्ट्रीपेक्षा जास्त आहेत, एवढं लिहायला हरकत नाही असं कळवलेलं आहे. जाहिरात निघाली नाही. जूनमध्ये विजू सहायक झाली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा तिच्या लॅबमध्ये गेलेलो. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, विजूला तिथूनच घेऊन जाणार होतो. बारावीच्या प्रॅक्टिकलची तयारी चाललेली. वीसेक मुलं पांढऱ्या कोटात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिफ्टमधल्या ऋचाचा तो डोळे मिटलेला भाव. विजू मध्ये उभी राहून द्रावणं करून घेत होती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, बाकीची द्रावणं कालची चालतात, फेरसच रोज ताजं कशाला? काल केलेलं वाया जातं ना."

"का ते तूच सांग," विजू म्हणाली. "लोखंडाचे इलेक्ट्रॉन लिही फळ्यावर."

मुलगी घुटमळली. मग तिची नजर माझ्यावर गेली. पन्नाशी उलटलेला, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. मी बाहेरून आलेला परीक्षक वाटलो असणार. "सर, तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

वीस तोंडं माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांची सवय. माझा घसा आपोआप साफ झाला. उत्तर मला येत होतं, पुरं येत होतं, अगदी शेवटच्या इलेक्ट्रॉनपर्यंत. विजू माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, काळजीने नाही. नुसती बघत होती.

"मला येत नव्हतं," मी म्हणालो. "मला मॅडमनी शिकवलं."

मुलांना तो विनोद वाटला, ती हसली. विजू हसली नाही. तिने खडू त्या मुलीच्या हातात दिला, फळ्याकडे बोट केलं आणि मला म्हणाली, "दादा, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बस. आणि कशाला हात लावू नकोस."

मी बसलो.